केबल चाचणीची नोंद ४: स्पीकरची तार आणि टर्नटेबलची तार

मागील नोंदीत मी लिहिले होते की, एका स्नेह्यांनी उसनी दिलेली आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायरहून महाग असलेली स्पीकर केबल जोडल्यावर तानपुऱ्याचा खर्ज अधिक भरीव वाटला. त्या वेळी केबल बदलणाराही मीच होतो आणि ऐकणाराही मीच, त्यामुळे ते निरीक्षण पुरावा म्हणून धरता येत नाही. म्हणून गेले सहा आठवडे तीच तुलना मी केबल न पाहता केली.

पुण्यातील तपकीर गल्लीतून दोन रिले (विजेने चालणारे स्विच) आणून एक स्विचपेटी तयार केली. धाकटा भाऊ पलीकडच्या खोलीत बसून नाणे उडवत असे आणि छाप-काट्याप्रमाणे केबल निवडत असे. मी फक्त उत्तर लिहीत होतो. प्रत्येक तुलनेच्या १६ फेऱ्या केल्या. त्यांपैकी १२ उत्तरे बरोबर आली तरच फरक ऐकू आला असे मानायचे, हे आधीच ठरवले होते, कारण निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

स्पीकरपर्यंतचे अंतर ६ मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबे. इतका लहान रोध साधा मल्टीमीटर नीट दाखवत नाही, म्हणून तारेतून १ अँपिअर प्रवाह सोडून मिलिव्होल्ट मोजले. घराच्या वायरिंगला वापरतात त्या अडीच स्क्वेअर एमएमच्या तारेचा रोध ०.०९६ ओहम भरला आणि उसन्या केबलचा ०.०७ ओहम. माझ्या स्पीकरचा इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा रोध) २०० हर्ट्झच्या आसपास ४ ओहमपर्यंत उतरतो. त्या ठिकाणीही या दोन तारांमुळे पडणारा फरक जेमतेम ०.०५ डेसिबल आहे. प्रत्यक्ष ऐकताना तानपुरा आणि ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणावर १६ पैकी ९ उत्तरे बरोबर आली. जो भरीव खर्ज मला आधी निःसंशय जाणवला होता, तो केबल दिसेनाशी होताच नाहीसा झाला, आणि हे मान्य करताना मला कोणताही संकोच वाटत नाही.

याचा अर्थ तार कशीही चालते असा मात्र नाही. स्पीकरच्या खोक्यात फुकट मिळते तसल्या ०.५ स्क्वेअर एमएमच्या तारेचा रोध याच अंतरासाठी सुमारे ०.४७ ओहम होतो. इम्पीडन्स ४ ओहम असेल तेथे ती आवाज जवळपास १ डेसिबलने कमी करते, आणि बास-अनुनादाजवळ (ज्या खालच्या स्वरावर स्पीकरचा पडदा सहज कंप पावतो), जेथे माझ्या स्पीकरचा इम्पीडन्स २४ ओहमपर्यंत चढतो, तेथे केवळ ०.१७ डेसिबलने, म्हणजे ही तार स्पीकरच्या स्वरसंतुलनातच किंचित बदल करते. पातळी न जुळवता अडीचच्या तारेशी तुलना केली तेव्हा पिंक नॉइजवर (चाचणीसाठी वापरतात त्या सलग खरखरीवर) १४ उत्तरे बरोबर आली, संगीतावर ११. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ साली घेतलेल्या श्रवणचाचणीचा निष्कर्षही याच दिशेचा होता: संगीत ऐकताना १६ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) साधी तार आणि महागडी केबल यांत फरक ओळखता आला नाही, मात्र २४ गेजची बारीक तार त्या दोन्हींपुढे कमी पडली. चांदीविषयी वारंवार विचारणा होते म्हणून एवढेच नोंदवतो की, तिची वाहकता तांब्याहून सुमारे ६ टक्केच अधिक आहे. तोच लाभ तांब्याची तार जराशी जाड घेऊनही मिळतो.

या महिन्यातील खरा शोध मात्र टर्नटेबलच्या बाजूला लागला, आणि त्यासाठी मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटला.

माझी कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) एटी-व्हीएम९५ई ही मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारी आहे. तिच्या कॉइलचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) ५५० मिलिहेन्री आहे आणि उत्पादकाने तिच्यापुढे जोडलेल्या तारा व इनपुट मिळून १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची) शिफारस केली आहे. ही कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक अनुनादी मंडल (विशिष्ट वारंवारतेला उचलून धरणारे मंडल) तयार होते, त्यामुळे येथे तार केवळ वाहक राहत नाही, ती मंडलाचा एक घटक बनते. मी वापरत असलेली जाड, सुंदर विणीची दीड मीटरची महागडी केबल मापकयंत्रावर एकूण ३१५ पिकोफॅरड निघाली. टोनआर्ममधील (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यातील) तारा आणि फोनो प्रीअ‍ॅम्पचा (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणाचा) इनपुट यांचे १५० मिळवले की एकूण ४६५ होतात. अनुनाद १० किलोहर्ट्झच्या जवळ उतरतो आणि प्रीअ‍ॅम्पच्या इनपुटच्या ४७ किलोओहम रोधावर साडेआठ किलोहर्ट्झपाशी सुमारे ३ डेसिबलचा उंचवटा येतो. त्यापुढे आवाज झपाट्याने घसरतो. सुईचा स्वतःचा यांत्रिक अनुनाद या हिशेबात धरलेला नाही.

त्याऐवजी सीसीटीव्हीसाठी वापरतात ती आरजी ५९ कोअ‍ॅक्सियल तार आणून केवळ ७० सेंटीमीटरची केबल सोल्डर केली. ती ४७ पिकोफॅरड भरली, एकूण १९७. अनुनाद १५ किलोहर्ट्झच्या वर सरकला आणि उंचवटा अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहिला. ही तार ताठ असल्यामुळे टर्नटेबलच्या मागे तिला सैल वळण द्यावे लागते, अन्यथा ती प्लिंथला (टर्नटेबलच्या बैठकीला) ओढते.

एका जुन्या एलपीचा तोच भाग दोन्ही केबलमधून ९६ किलोहर्ट्झच्या नमुना-दराने ध्वनिमुद्रित केला आणि पातळी जुळवून तुलना केली, तेव्हा १६ पैकी १५ उत्तरे बरोबर आली. जुन्या केबलमध्ये तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकारता नाद) टोचत होती आणि तिच्यावर तरंगणारे सूक्ष्म उच्च स्वर मात्र हरवलेले होते. नव्या तारेत ती जवारी पुन्हा एकसंध, उघडी आणि शांत ऐकू आली.

हीच महागडी केबल सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये लावली तर पूर्णपणे निरुपद्रवी ठरते. प्लेअरच्या १०० ओहमच्या आउटपुटवर ३१५ पिकोफॅरडचा परिणाम सुमारे ५० लाख हर्ट्झपाशी सुरू होतो. ती आता तेथेच लावली आहे, आणि उसनी स्पीकर केबल काल परत केली.

फोनो प्रीअ‍ॅम्पच्या इनपुटवर १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर सोल्डर केलेला आहे. तो काढून त्या जागी ४७ चा बसवला की एकूण १४४ होतील. येत्या रविवारी ते करून तोच भाग पुन्हा ध्वनिमुद्रित करणार आहे.