सरकारचे जावई

रेल्वेच्या ट्रॅक मेन्टेनन्समधे काम न करणं हे पण एक काम असतं, आणि ते घरच्यांना पटवून देणं महाकठीण. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, नांदेड डिव्हिजनमधे परभणी-पूर्णा पट्ट्यात अप्रेंटिस आहे, एवढं सांगितलं की आत्या लगेच "म्हणजे उन्हात गिट्टी उचलतोस का रे दिवसभर?" आणि नेमका दुपारी तिचा फोन येतो तेव्हा मी बाभळीखाली बसून भाकरी-ठेचा खात असतो, मग काय, पोरगं लई सुखात आहे असं गावभर.

तर आधी रूळ 13-13 मीटरचे तुकडे असायचे, दोन तुकड्यांत जराशी फट, त्याला फिशप्लेट म्हणजे जोडपट्टी, आणि चाक त्या फटीवरून गेलं की खटक-खटक. आता वेल्ड करून रूळ सलग, कितीतरी किलोमीटर जोडच नाही, त्यामुळे तो आवाज पण गेला. पण फट गेली म्हणून लोखंड तापून वाढायचं थोडंच थांबतंय. मोकळा सोडला तर 1 किलोमीटर रूळ 40 डिग्रीनं तापल्यावर जवळजवळ 46 सेंटीमीटर वाढेल, चांगला हातभर! आणि आपण त्याला वाढूच देत नाही. स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), रूळ त्यांना पकडणाऱ्या क्लिपा आणि स्लीपरभोवतीची गिट्टी यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं, दाव्याला बांधलेलं वासरू कसं ओढ घेत राहतं तसा तो दिवसभर आतल्या आत जोर करत असतो. मीटरला 60 किलो वजनाचा जो रूळ असतो त्यात एका डिग्रीला साधारण 1.9 टन जोर चढतो. परभणीत मेमधे हवाच 43-44 असते, रूळ त्याच्यावर अजून 15-20 डिग्री. करा हिशोब.

आता असा तटतटलेला रूळ असताना कोणी हौसेनं खालची गिट्टी उकरली तर पकड सुटते आणि रूळ स्लीपरसकट आडवा सरकतो, वाकडातिकडा. त्याला बकलिंग म्हणतात, त्यावरून गाडी गेली तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून डिस्ट्रेसिंग करतात, म्हणजे क्लिपा काढून रूळ मोकळा सोडायचा, त्याला काय वाढायचं-आकसायचं ते एकदाचं करू द्यायचं आणि मग पुन्हा बांधायचा. त्यावेळचं टेम्परेचर लिहून ठेवतात, कारण पुढं रूळ त्याच्यापेक्षा 10 डिग्रीच्या वर गेला की पॅकिंग, लिफ्टिंग, अलाइनमेंट, म्हणजे गिट्टी ठासणं, रूळ उचलणं, सरळ करणं, सगळं बंद. खाली यायला 30 डिग्रीची मुभा आहे, वर फक्त 10. त्यामुळे मेमधे आमची गँग पहाटे अंधारातच फावडी-पहारी घेऊन लायनीवर, आणि ऊन चढलं की मुकादम मामा रुळाला थर्मामीटर चिकटवतात, गमछानं डोळ्यावर सावली करून आकडा वाचतात आणि म्हणतात, "चला, उचला सामान." खरं तर थर्मामीटरच्या आधीच त्यांना कळलेलं असतं, पण वहीत आकडा लागतो ना.

शेजारच्या रानातला एक शेतकरी रोज मोटरसायकल थांबवून विचारतो, "काय मुकादम, सरकारचे जावई, बसला व्हय निवांत?"

मामा बिडी विझवत म्हणतात, "आम्ही कुठं बसलो मालक, रुळाला बसवून ठेवलंय."

मला हे उत्तर फार आवडतं, आत्याला पण तेच सांगणार होतो पण ती म्हणेल पोरगं शहाणपणा शिकलं. आणि बाभळीखाली सगळेच नसतात बरं का, रूळ अजून तापला, म्हणजे त्या लिहिलेल्या आकड्याच्या 20 वर गेला, की एकजण त्याच उन्हात पेट्रोलिंगला निघतो, रूळ कुठं जरा जरी कललेला दिसतोय का ते बघत. त्या माणसाला जावई म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

सलग रूळ जिथं संपतो तिथं एक एक्स्पान्शन जॉइंट असतो, तेवढ्या टोकाला मात्र हलायची परवानगी. तिथं रंगानं खूण केलेली असते. सकाळी बघितली अन दुपारी बघितली तर काही मिलीमीटर सरकलेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथंच उकिडवा बसून राहिलो, एवढं मोठं धूड, आणि ते उन्हानं असं गुपचूप सरकतंय.

थंडीत सगळं उलटं. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत परभणीचा पारा 5 च्या खाली गेल्याची बातमी येते, लोक शेकोटीचे फोटो टाकतात आणि इकडं तोच रूळ आकसायला बघतो, तर आकसू पण द्यायचं नाही. मग ओढ बसून एखादं कच्चं वेल्ड असेल तिथं तो तुटू शकतो, म्हणून ऐन थंडीच्या रात्री गस्त, हातात बत्ती, खिशात डेटोनेटर, म्हणजे आमच्याकडचे फटाके, तुटलेला रूळ दिसला की अलीकडं रुळावर लावून येणारी गाडी थांबवायला. यंदा मामा मला सोबत नेणार आहेत. आत्तापासूनच सांगून ठेवलंय, दोन मोजे घाल, अन पुलावर मोबाइल काढशील तर याद राख.