नऊवारीला नऊ डोकी?

फॅशन इलस्ट्रेशनचा पहिला धडा म्हणजे डोकी मोजणं. साधारण माणूस स्वतःच्या साडेसात डोक्यांएवढा उंच, कागदावरची मॉडेल मात्र 9 डोक्यांची. ए-फोर कागदावर 3-3 सेंटिमीटरचे 9 भाग पाडले की 27 सेंटिमीटर होतात. वरखाली बोटभर जागा उरते. तिसऱ्या रेघेवर कंबर, चौथीवर मांड्यांचा सांधा, सहावीच्या आसपास गुडघा. वाढीव उंची बहुतेक पायांतच घालायची. ती सगळीकडे सारखी विभागली की मान जिराफाची होते.

हे माप घेऊन दापोलीजवळच्या हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला बसावं. तिथे मॅक्सीवाल्या पुष्कळ, पण काष्टा घातलेली एखादी दिसली की हिशेब फसतो. काष्टा वर खोचलेला, पोटऱ्या उघड्या; त्यामुळे गुडघ्याखाली वाढवलेली लांबी लगेच उघडी पडते आणि बाई उथळ पाण्यातल्या बगळ्यासारखी दिसते. नऊवारीला आठ डोकी पुरतात. वाढवायचंच तर मांडीत वाढवावं, सव्वाआठ मीटर कापडाच्या आत ते खपून जातं.

तोलाचंही तसंच. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याशी यावा, त्या बाजूचं कुल्लं वर आणि खांदा खाली, असं शिकवतात. मोकळ्या हाताने उभ्या माणसाला ते लागू पडतं. कमरेवर कळशी आली की धड उलट बाजूला कलतं, आणि ओळंबा माणूस अधिक कळशी अशा दोघांचा मिळून धरावा लागतो. तो नुसत्या माणसाचा धरला तर चित्रातली कळशी पोकळ वाटते.

सराव रोज 25 मिनिटांचा पुरे: अर्ध्या मिनिटाची 10 रेखाटनं, दोन मिनिटांची 5, दहा मिनिटांचं 1. खोडरबर घरीच ठेवावं. अर्ध्या मिनिटात चुण्या काढायला जाऊ नये, तिथे फक्त साडीचा काठ काढावा. उकिडवी बसून कोळंबी निवडणारी बाई घ्या. काठ कमरेमागच्या खोच्यातून निघतो, कुल्ल्यावरून वळसा घेतो आणि मांडीखाली गडप होतो. ही एक रेघ बरोबर वळली की आतला देह न काढताच दिसायला लागतो. चुण्या नंतर, आणि त्याही कापड जिथे ओढलं गेलंय तिथूनच: खोचा, गुडघा, काख. कुठूनही सुरू केलेल्या चुण्या कापडाच्या न वाटता सुरकुत्या वाटतात. खळ दिलेलं सुती कापड कोनात मोडतं, नायलॉन ओघळतं; दोघांना एकच रेघ लावली तर बघणाऱ्याला पोत कळत नाही.

आषाढात मात्र जलरंगाचं नाव काढू नये. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा जाड कागदही दमट हवेत सादळतो, शाई कडेने फुटते, रंगाचा पहिला हात वाळत नाही आणि दुसरा दिला की मधोमध फुलकोबीसारखा डाग उमटतो. शिसपेन्सिल चालते. कोरे कागद हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत.

हे दिवस जुनी पानं काढून बघायचे. शंभरेक रेखाटनं जमिनीवर पसरावीत आणि सगळ्यांत तेच तेच काय आलंय त्यावर खूण करावी. आपली शैली, असलीच तर, त्या खुणांत असते. दुसऱ्याच्या चित्रांवरून डोळे नि नाक उचलून ती येत नाही, फार तर चेहरे बरे जमतात. पण सगळ्या खुणा शैलीच्या नसतात. प्रत्येक पानावर हात पदराखाली किंवा पाठीमागे गेलेले दिसले, तर ती बहुधा पळवाट. पुढची दहा पानं नुसते हात काढावेत: कोयता धरलेले, नोटा मोजणारे, बर्फात कोपरापर्यंत बुडालेले. ते जमल्यावरही अकराव्या पानावर हात अर्ध्यावरच सोडावासा वाटला, तर खुशाल सोडावा.