सुंगटची वाटी

मांजर पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय, पण पाण्याला जीभ लावत नाही, असं दिसलं तर वाट बघू नका. तसंच उचला आणि डॉक्टरांकडे न्या. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर, असं जवळजवळ दीड वर्ष मनात घोळतंय. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या सुंगटची गोष्ट जुलैपासून सुरू होते. १ जून ते ३१ जुलै गोव्यात ट्रॉलरची मासेमारी बंद असते. ताजी मासळी मिळाली तरी भाव ऐकून परत यावं लागतं. त्या दिवसांत घराघरांत मेमध्ये भरून ठेवलेलं सुकं बाहेर निघतं. त्या दुपारी मी किसमुरीसाठी सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, भाजत होते. बाहेर मये गाव बुडेल असा पाऊस. मागल्या दारी लाकडांच्या खोपीतून एक बारीक, घासलेला आवाज आला. बघते तर मुठीएवढं नारिंगी पिल्लू, चिंब भिजलेलं, वासावर डोळे मिटून नाक वर करून उभं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या पदराने पुसलं तेव्हा ते त्यांच्या मांडीत अंगाचं वेटोळं करून झोपलं. नारिंगी, वाकडं, शेपटी आत घेतलेलं. "सुंगट कशें दिसता पळय," त्या म्हणाल्या, आणि नाव पडलं.

ती माजरी निघाली. नारिंगी मांजरांत बोकेच जास्त असतात, त्यामुळे डॉक्टरही दोनदा बघून म्हणाले, मुलगीच आहे.

ती कशी होती हे लिहायचं म्हटलं तर किती लिहू! सकाळी मी भाकरी थापायला बसले की उजव्या गुडघ्याला टेकून बसायची. थापण्याच्या आवाजाबरोबर तिचे कान हलायचे. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली तेव्हा सुपारीच्या घोसाकडे दोन दिवस टक लावून बघत होती. आम्ही सगळे धास्तावलो, पण तिने एकदाही उडी मारली नाही. सासूबाईंच्या गुडघेदुखीत त्यांच्या पायावर येऊन बसायची आणि त्या म्हणायच्या, गरम पिशवीची गरज संपली. बाहेरून कुणी येऊन "माजर घरात कशाला" असं म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "तें माजर न्हय गो, भुरगें आमचें." भुरगें म्हणजे लेकरू.

ऑगस्टच्या सुरुवातीला जंताच्या औषधासाठी तिला डिचोलीला नेलं होतं. डॉक्टरांनी एक छोटं हिरवं कार्ड दिलं, वर नाव लिहिलं, आत तारखांचे रकाने. म्हणाले, आठ आठवड्यांची झालीच आहे, लस आजच देऊया. पण बघतात तर लस संपलेली. पुढल्या आठवड्यात या, म्हणाले. पुढल्या आठवड्यात पाऊस. मग चवथ. मग शाळेत परीक्षा. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पेपर तपासायचे होते. मग दिवाळी. शेजारच्या वहिनी एकदा हसून म्हणाल्या होत्या, "माजराक कसलें गो इंजेक्शन? आमच्या माजरांक कोणें दिल्लें?" मला ते बोलणं सोयीचं वाटलं, एवढंच खरं. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. कार्ड माझ्या कपाटात होतं.

कुत्र्यांचं तसं नाही. २०१४ पासून गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना रेबीजची लस टोचतात. आमच्या वाड्यावरही मुलं जाळी घेऊन येतात, लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करून पुढे जातात. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं ते अशा घामातून. मांजरासाठी मात्र दारात कुणी येत नाही. ते आपणच न्यायचं असतं.

नोव्हेंबरमध्ये शाळेच्या मागच्या शेडमध्ये एका भाटीची चार पिल्लं होती. मुलं मधल्या सुट्टीत त्यांना भात घालायची. एका आठवड्यात चारही गेली. एकामागून एक. आम्ही शिक्षिका म्हणालो, कुणीतरी विष घातलं असणार. शेवटचं पिल्लू मी स्वतः कागदात गुंडाळून पुरलं, कारण दुसरीतली एक मुलगी रडायची थांबेना. घरी आले, साबणाने हात धुतले, वर सॅनिटायझरही लावलं. चपला दारात काढल्या. सुंगट नेहमीसारखी चपलांवर लोळली, मग माझ्या मांडीवर आली.

सहा दिवसांनी, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तिने बांगड्याचं डोकं हुंगून सोडून दिलं. बांगड्याचं डोकं! मी म्हटलं, कुठे उंदीर मारून खाल्ला असेल. रात्री दोनदा पिवळा फेस ओकली. सकाळी न्हाणीत बघते तर पाण्याच्या वाटीसमोर बसलेली. पुढचे पाय आत ओढलेले, मान खाली, हनुवटी पाण्यापासून बोटभर वर. मिशीचं एक टोक पाण्यात बुडलेलं, आणि तिच्या श्वासाने पाण्यावर बारीक वळ्या उठत होत्या. डोळ्यांवर आतला पांढरा पडदा अर्धा आलेला. मी वाटी पुढे सरकवली, तिने मान तेवढी सरकवली. प्यायली नाही. तहान होती, गिळवत नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि पाणी पिण्याची वाट बघत राहिले. अर्धा तास. मग शाळेत गेले. ही अर्ध्या तासाची गोष्ट मी अजून सासूबाईंनासुद्धा नीट सांगितलेली नाही.

संध्याकाळी अंग तापलेलं लागलं. ह्यांनी धाकट्यासाठी आणलेलं पॅरासिटामॉलचं सिरप हातात घेतलं, थेंबभर देऊया म्हणाले. नशीब, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवर जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, आपली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती बाटली तेव्हापासून वरच्या फळीवर, कडी लावून.

दवाखान्यात ताप १०४. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी हजारांत असायला हव्यात, तिच्या सातशे होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, गेल्या आठ-दहा दिवसांत दुसऱ्या कुठल्या मांजराशी संबंध आला का?"

माझे हातपाय गार पडले. शेडमधली चार पिल्लं, कागद, माझ्या चपला.

रोगाचं नाव पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांच्या पिल्लांना पार्वो होतो ना, त्याच कुळातला विषाणू. शरीरात जिथे पेशी भराभर वाढतात तिथे तो घुसतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांतली मज्जा. आतडं सोलून निघतं, म्हणून उलटी आणि जुलाब. मज्जा थांबते, म्हणून पांढऱ्या पेशी संपतात आणि अंगात लढायला कुणी उरत नाही. माणसाला होत नाही, पण माणसाच्या हाताने, कपड्याने, पायताणाने घराघरांत जातो. सॅनिटायझरने तो मरत नाही. विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन, उलटीचं इंजेक्शन, वरून दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि ऊब. काही पिल्लं यातून उठतात. डॉक्टरांनी तेही सांगितलं, खोटी आशा मात्र दिली नाही.

दोन दिवस तिला सकाळ-संध्याकाळ रिक्षाने नेलं. मानेमागच्या कातडीखाली सलाइन भरलं की तिथे पाण्याची पिशवी व्हायची, ती हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायची. सासूबाईंनी त्यांच्या आईच्या लुगड्यांची गोधडी काढली, तीत तिला गुंडाळून चुलीच्या उबेला घेऊन बसल्या. तिसऱ्या रात्री ताप उतरला. मला वाटलं, वाचली. पण तो उतरतच गेला. कान गार, तळवे गार. पहाटे चारच्या सुमारास तिने एकदा लांब पाय ताणले, रोज उठल्यावर ताणायची तसेच. मग काही नाही.

ओवळीच्या झाडाखाली खोल खड्डा खणून ह्यांनी पुरली. त्या दिवसांत सकाळी भाकरी थापताना मी उजवा गुडघा किंचित बाहेर काढून बसायची. बसून झाल्यावर लक्षात यायचं.

दुःख करायला वेळही मिळाला नाही, कारण डॉक्टरांनी घर धुवायला सांगितलं. हा विषाणू घरात वर्षभर टिकतो. नुसत्या फिनेलच्या वासावर विसंबू नका, म्हणाले. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एका लिटर पाण्याला साधारण ३० मिली, आणि लादी दहा मिनिटं ओली ठेवायची. ब्लीच कुठल्या औषधात मिसळायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. न्हाणी, स्वयंपाकघर, सोपा, चपलांचे तळ, सगळं केलं. शाळेची शेडही आम्ही तिघींनी मिळून धुतली. पण गोधडी धुऊन भागणार नव्हतं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी ती स्वतः परसात नेली आणि काडी लावली. पन्नास वर्षांपूर्वीच्या, त्यांच्या आईच्या हातच्या टाक्यांची गोधडी. जळून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

वर्षभर आम्ही घरात पिल्लू आणलं नाही. दोनदा दाराशी आली, दोनदा दुसऱ्या गावात घर शोधून दिलं. माझा धाकटा रागावला होता. त्याला मी हात धरून सांगितलं, आपल्या घरात येऊन त्यांनी मरू नये म्हणून.

या फेब्रुवारीत दोघं आली, एक काळी आणि एक पांढरा-काळा बोका. दोन महिन्यांची. रिक्षातून उतरल्यावर घर दाखवायच्या आधी दवाखाना. तीन रोगांची एकत्र लस असते: एक पॅनल्यूकोपेनियाची, दोन त्यांच्या सर्दीच्या विषाणूंची. आठ आठवड्यांना पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एकाच डोसावर भागत नाही, हे मला पूर्वी कळत नव्हतं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत ते लसीलाच निकामी करतं, आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा द्यायची. वर्षाने परत एक. रेबीजची वेगळी. आणि सहाव्या महिन्यात नसबंदी, नाहीतर पावसाळ्यात आणखी एक शेड, आणखी चार पिल्लं.

शाळेतून आले की आता चपला बाहेर, पायरीखाली. रस्त्यावरच्या मांजराला हात लावला असेल तर साडी बदलून मगच यांना घेते. शाळेतली भाटीही नसबंदी करून आणली. खर्च आम्ही शिक्षिकांनी वाटून घेतला, आणि ती दुसरीतली मुलगी, आता चौथीत जाईल, तिचं खाणं बघते.

मार्चमध्ये एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. हातात मासळीची टोपली, वर फडकं बांधलेलं, आत काहीतरी हलतंय. म्हणाल्या, "तुजे वांगडा म्हजेंय व्हर गो." तुझ्यांबरोबर माझंही ने. त्यांना सुंगटचं सगळं ठाऊक होतं, त्या तिसऱ्या रात्री त्या आमच्या चुलीजवळ बसून होत्या. आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मी टोपली घेतली.

वाटी मी तीच ठेवली आहे. स्टीलची होती, उकळून घेता आली. रात्री दिवे मालवल्यावर न्हाणीतून लप्‌लप्‌ आवाज येतो, आणि तो थांबेपर्यंत मी जागी असते.

येत्या शनिवारी आमच्या दोघांचा शेवटचा डोस आणि वहिनींच्या पिल्लाचा दुसरा. रिक्षावाल्याला सकाळी साडेनऊला यायला सांगितलंय. तीन हिरवी कार्डं पर्समध्ये घातली आहेत. चौथं, सुंगटचं, कपाटातच आहे.