त्या पाण्यात प्राणवायू किती, हे कळतं कसं?

वेताळ टेकडीवर ओळखीचं कुणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो : 25 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात ऑक्सिजन कमी पडला म्हणता, तो मोजायला कोण गेलं होतं? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आपल्या पायाखालचा दगड इथे कामाचा नाही. पुण्याचा काळा पाषाण लाव्हाचा. हवा समुद्रतळाचा गाळ, तोही घट्ट होऊन दगड झालेला. त्या काळाचा असा दगड श्रीनगरजवळच्या गुर्युल दरीत आहे.

माझ्या टेबलावर काळ्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचा, एक तुकडा असतो. कडेने पाहिलं की वहीच्या पानांसारखे पातळ थर दिसतात, एकही विस्कटलेला नाही. तळाशी प्राणवायू असता तर किड्यांनी गाळ उकरून हे थर कधीच मोडले असते. एकही बीळ नाही, म्हणजे उकरणारं कुणी तिथे जगत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली अशा शेलमध्ये बऱ्याचदा पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, गोळे दिसतात. ते पाण्यातच तयार झाले तर जेमतेम पाच-सहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतात आणि तळाशी बसतात. सगळे असे बारीक असले की समजायचं, तळाजवळच्या पाण्यातही विषारी हायड्रोजन सल्फाइड होता.

हा नुसता तर्क नाही. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर आजही प्राणवायू अत्यल्प आहे, आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर त्या पट्ट्यातल्या गाळात असेच अखंड थर मिळतात.

आता 25 कोटी वर्षांपूर्वीचं. सायबेरियात लाव्हाचे लोट आले, कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्र तापला. गोड्या पाण्यात 0 अंशाला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला जेमतेम 7.5. खारट पाण्यात त्याहून कमी. त्यात पाणी तापलं की जलचरांची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटला, मागणी वाढली. समुद्रातल्या पाचांतल्या चाराहून जास्त प्रजाती गेल्या. उरलेसुरले ट्रायलोबाइट, म्हणजे कवचाचे, खंडाखंडांच्या अंगाचे समुद्री प्राणी, तेव्हाच संपले. क्लाराया नावाचा चपटा शिंपला मात्र नंतर जगभर पसरला, कमी प्राणवायूत तो तग धरायचा.

मला सगळ्यात पटलेला पुरावा 2018 सालचा आहे. संशोधकांनी संगणकावर तो तापलेला समुद्र उभा केला. हिशोब असा निघाला की ध्रुवांकडच्या प्रजाती जास्त मरायला हव्यात : विषुववृत्ताजवळच्यांना कमी प्राणवायूची सवय होती आणि सरकायला थंड पाणी होतं, ध्रुवांकडच्यांना पुढे जागाच नव्हती. मग जीवाश्मांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांतही नेमकं तेच दिसलं.