नमुना 8 वर उभा राहिलेला आमचा धंदा

सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या बाजारपेठेत आमचं झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं दुकान. 2011 मध्ये 'संग्राम' प्रकल्प आला, ग्रामपंचायतींत संगणक आणि ते चालवायला परिचालक आले. प्रिंटर अडकला, विंडोज बसली की ती पोरं आमच्याकडे यायची. धंद्याला वळण लागलं ते तिथून. त्यात नियोजन-बियोजन काही नव्हतं.

दुरुस्तीत पैसा बेताचाच. खरं काम मिळालं ते फॉन्टमुळे. घरपट्टीच्या जुन्या याद्या आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरवर, 'डीव्हीबीटीटी सुरेख' फॉन्टमध्ये टाईप केलेल्या आणि पंचायतीच्या ऑनलाइन पोर्टलला हवं युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरं. फाईल चढवली की नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी तिसरीकडेच. मग एकेक नाव मूळ वहीशी ताडायचं. आमच्या टायपिंगवाल्या ताईंनी हे काम असं हातात घेतलं की मोरगिरी, ढेबेवाडीकडच्या पंचायतीही विचारत यायला लागल्या.

ऑनलाइन सेवा म्हटलं की लोकांना पोर्टल आणि सर्व्हर आठवतात. पण घराचा उतारा बरोबर निघणार की नाही, हे ठरतं नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत. आजोबा वारून जमाना झाला तरी मिळकत त्यांच्याच नावावर. भावाभावांत वाटण्या झाल्या, वहीत मात्र घर एकच. पत्रा जाऊन स्लॅब पडला, नोंद पत्र्याचीच. घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचा शासन निर्णय 2003 चा, तरी बाईचं नाव शोधावं लागतं. नोंद बदलायचा अधिकार आमचा नाही. आम्ही शंकांची यादी काढून देतो. मासिक सभेत ठराव झाला की मगच संगणकात फेरबदल. या शिस्तीपायी काही कामं हातची गेली. गेली तर गेली.

2015 च्या अखेरीस घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर गेली. रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर, बांधकामाचा प्रकार, घसारा हे सगळं धरायचं तर आधी क्षेत्रफळ हवं, म्हणजे टेप घेऊन घरोघर फिरणं आलं. मोजायला आलेला माणूस पट्टी वाढवायलाच आलाय, हे लोक धरूनच चालतात (आणि बऱ्याचदा ते खरंही असतं). म्हणून पंचायतीचा शिपाई बरोबर असल्याशिवाय आम्ही पोरं वाडीवर पाठवत नाही. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा आला, दाखल्यांना मुदती लागल्या आणि वह्या साफ करायची निकड पंचायतींनाही पटली.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. लाईट जाते, रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटते. म्हणून आम्ही इन्व्हर्टर आणि रोजचा बॅकअप यांशिवाय काम घेत नाही. 'गावाचं स्वतःचं ॲप करून द्या' म्हणणाऱ्या सरपंचांना सरळ नाही म्हणतो; पुढे ते सांभाळायला पंचायतीकडे माणूस नसतो.

उधारीचं दुखणं वेगळंच. वित्त आयोगाच्या निधीतलं बिल असेल तर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डीएससी (डिजिटल सह्या) लागल्याशिवाय पैसा हलत नाही. निवडणूक झाली, सरपंच बदलले, की नवी डीएससी तयार होईपर्यंत आमचं बिल तिथंच. पगार मात्र एक तारखेलाच द्यावा लागतो, त्यामुळे दुकानातलं झेरॉक्स मशीन आम्ही आजही बंद केलेलं नाही.

तालुक्यातली बरीच घरं मुंबईच्या पगारावर चालतात. पूर्वी ही मंडळी गणपतीला किंवा यात्रेला आली की पट्टी भरायची. आता क्यूआर कोडचा फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि पैसे थेट पंचायतीच्या खात्यात येतात. पण शेऱ्यात मिळकत क्रमांक कुणी लिहीत नाही. नुसतं 'घरपट्टी', आणि एकाच वाडीत एकाच नावाचे दोघं-तिघं. मार्चअखेर त्या रकमा जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून यंदा प्रत्येक मागणी बिलावर त्या त्या मिळकतीचा क्रमांक आत भरलेला वेगळा क्यूआर छापतोय. छपाईचा वाढीव खर्च सध्या आम्हीच सोसतो. पुढच्या वर्षी दरपत्रकात धरू.