चार मिलिमीटर

सिंहगडाच्या पायथ्याशी सायकल टेकवली की कुणी ना कुणी विचारतंच, "एवढी जुनी सायकल, मग नवे पार्ट कशाला घातलेत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

सायकल काकांची. १९८०च्या दशकातली, रॅली कंपनीची, रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची. काका लेस्टरला नोकरीला होते, परतताना घेऊन आले. मूळच्या रिमा खड्ड्यांत वाकल्या, तेव्हा त्यांनी इथल्या २७ इंची क्रोमच्या टाकून घेतल्या. ओल्या क्रोमवर ब्रेकचे रबर धरतच नाहीत. एका जुलैत उतारावर दोन्ही ब्रेक आवळूनही मी थेट चौकात जाऊन थांबलो. त्या दिवशी रिमा काढायच्या ठरवल्या.

आता सगळीकडे मिळतं ते ७००सी चाक. टायर बसतो तिथला त्याचा व्यास ६२२ मिमी, २७ इंचीचा ६३०. म्हणजे ब्रेकचे रबर चार मिमी खाली यायला हवेत. ब्रेकच्या भोकापासून रिमपर्यंत मोजलं तर ४९ भरले. नव्या चाकाला ५३ लागणार. टेक्ट्रोचे लांब हाताचे ब्रेक ४७ ते ५७ पर्यंत पोचतात. तेच घेतले, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा.

मागेही चारच मिमीचा प्रश्न. सहा गिअरच्या जमान्यातली फ्रेम, मागच्या चिमट्यात १२६ मिमी जागा. नव्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, १३० लागतात. पोलाद आहे म्हणून रुंदावता येतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनला हे कधीही करू नका. आटेदार सळई आणि दोन नट घेऊन मी सावकाश फाकवत गेलो. १३० वर सोडलं की पोलाद परत मिटतं, त्यामुळे बरंच पुढे नेऊन सोडावं लागतं. दर वेळी एका टोकापासून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणायचा आणि सीटच्या नळीपासूनचं त्याचं अंतर दोन्ही बाजूंना पट्टीने मोजायचं. डावीकडे एक मिमी जास्त येत होतं. ते सरळ करण्यात अख्खा रविवार गेला, पण तेवढं केल्याशिवाय चाक मधोमध बसत नाही.

हा फाकवण्याचा खटाटोप गिअरसाठी. पूर्वी सगळ्यात हलका गिअर पुढे ४२, मागे २४ दात. सिंहगडाच्या वळणांवर उतरून ढकलावी लागायची. आता ३४ ला ३२.

पैडलच्या दांड्याचं बेअरिंगही नवं आहे. ते बदलताना एक सांभाळा: या इंग्लिश फ्रेमला उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. एका मेकॅनिकने ती नेहमीसारखी सोडवायला पाना लावून जोर केला आणि आणखीच आवळली.

नळीवरचे गिअरचे खटके मात्र काकांच्या वेळचेच. त्यांना टकटक थांबे नाहीत, त्यामुळे मागे नऊ दातेरी चकत्या असल्या तरी चालतात. कानाने ऐकत चेन जागेवर आणायची. हँडल, त्याची खुंटी आणि ब्रुक्सची सीटही तीच. सीटच्या चामड्यात काकांच्या बैठकीचा खळगा आहे, डावीकडे जरा जास्त खोल.