फक्त चारवर चालणारा पंखा

गाडीतला ब्लोअर सहसा एका झटक्यात मरत नाही. आधी त्याचे मधले वेग जातात. बटण एकवर नेलं, दोनवर नेलं, तीनवर नेलं, तरी आतून हूं नाही की चूं नाही. चारवर नेलं की मात्र भसाभसा वारा. मग प्रवासाचे दोनच प्रकार उरतात, गारठत जायचं किंवा ओरडून बोलत जायचं. त्यात समोरची काच धुकटायला लागली की निवडीचा प्रश्नच मिटतो. चारवर टाकायचं आणि शेजारच्याने काय सांगितलं ते नंतर विचारायचं.

मला हा बिघाड आवडतो, कारण तो स्वतःचा पत्ता स्वतःच देतो. चारवर पंखा फिरतोय म्हणजे फ्यूज शाबूत आहे, मोटर जिवंत आहे, तिला करंट आणि अर्थिंग दोन्ही मिळतंय. संशयितांची अर्धी रांग बटण फिरवल्याफिरवल्या घरी गेली. उरतो तो रेझिस्टर (वीज अडवून पंखा हळू करणारा भाग), किंवा फार तर त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि ते बटण. साध्या बटणाच्या गाडीत चार नंबर मोटरला थेट जोडलेला असतो. एक, दोन, तीन हे वेग रेझिस्टरच्या तारांतून वळसा घालून येतात. बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी काही त्या तारांतच खर्ची पडतात आणि उरलेल्यावर मोटर हळू फिरते. म्हणजे पंखा हळू ठेवला की वाचलेली वीज सगळीच वाचत नाही. तिचा काही भाग तार तापवण्यात जातो, आणि ती उष्णता हीटरच्याही हिशेबात धरण्यासारखी नसते.

आता ही तापलेली तार ठेवायची कुठे? तर थेट हवेच्या वाटेत. पंखा जो वारा आपल्यासाठी फेकतो तोच जाता जाता रेझिस्टरला गार करतो. ज्याने कोणी हे पहिल्यांदा योजलं त्याला दाद द्यावी, इतकी ही जागा चपखल आहे. पण सगळी गोम इथेच आहे. केबिन फिल्टर धुळीने आणि पाचोळ्याने गच्च झाला की वारा कमी होतो आणि तार जास्त तापते. मोटरची बुश (जिच्यात तिचा दांडा फिरतो ती कडी) कोरडी पडली की ती जड फिरते, जास्त अँपिअर ओढते, आणि तार पुन्हा तापते. शेवटी रेझिस्टरवरचा छोटा थर्मल फ्यूज वितळतो आणि पहिले तीन वेग बंद. लोक नवा रेझिस्टर बसवतात, तो पुन्हा जातो, मग 'हल्लीचे पार्टच भिकार' असं म्हणून मोकळे होतात. पार्टची चूक असतेही कधीकधी. पण मेलेल्याचं नाव कळलं म्हणून मारणारा सापडला असं होत नाही.

काम तसं किरकोळ आहे, अवघड असते ती फक्त बसायची पद्धत. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. डोकं पायाच्या जागेत, पाठ दरवाजाच्या उंबऱ्यावर, टॉर्च दातांत, आणि हातातून निसटलेला स्क्रू गालिच्याखाली कुठेतरी. रेझिस्टर बाहेर आला की तळहातावर मावणारी एक पट्टी दिसते, तिच्यावर बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखी वेटोळी. पण तिच्याआधी कपलर बघावा. त्याचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालेलं असतं, एक भोक फाकलेलं, कडा काळी, आणि नाकाजवळ नेला तर जळका वास. असला कपलर नव्या रेझिस्टरला लावणं म्हणजे त्याच्या मरणाची तारीख ठरवूनच त्याला आत पाठवणं. मग मोटर खाली काढायची आणि जाळीदार पंख्याला बोटाने झटका द्यायचा. रमतगमत दोन-चार फेऱ्या मारून थांबली तर ठीक. बोट काढताच अडली, किंवा खर्रखर्र आवाज आला, तर गुन्हेगार हीच.

चारवरसुद्धा पंखा गप्प असेल तर चौकशी निराळी. आधी फ्यूज. हा साधारण 20 ते 30 अँपिअरचा असतो. गेलेला दिसला म्हणून त्याच्या जागी थोराड फ्यूज ठोकणारे महाभाग असतात. त्यांच्या गाडीत मग फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज ठीक असेल तर मोटरच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावावा. मल्टिमीटर इथे दिशाभूल करू शकतो. तो करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो. दिव्याला जळायला थोडा तरी करंट लागतो, म्हणून जोड फारच खराब असेल तर तो मिणमिणतो. दिवा लख्ख पेटला तर मोटरच्या पाठीत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एक हलकी टपली द्यावी. तेवढ्याने ती फिरायला लागली तर आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत असं समजावं. टपलीवर अजून काही दिवस निघतात, पण धुक्यात निघण्याआधी तिचा बंदोबस्त केलेला बरा.

एक गंमत अशी की यात हीटरचा दोष काहीच नसतो. इंजिनाचं गरम कूलंट, जवळपास 90 अंशांचं, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतच असतं. बाहेरची हवा आत घेणारं झडप उघडं ठेवून गाडी वेगात असताना जाळीपाशी हात धरला तर ऊबदार झुळूक लागते. ती लागली तर हीटर बरा आहे, फक्त ऊब आपल्यापर्यंत ढकलणारा कोणी नाही.

ऑटोमॅटिक एसीच्या अनेक गाड्यांत हा रेझिस्टर नसतोच. तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सेकंदाला शेकडो-हजारो वेळा वीज चालू-बंद करून वेग सांभाळतं. वीज कमी वाया जाते, वेग हवा तसा मिळतो. तक्रार एवढीच की ते गेलं की बहुधा सगळंच जातं. चार नंबरची खूण ठेवण्याचं सौजन्य त्याच्यात नाही.

नवा रेझिस्टर, नवा कपलर, नवा फिल्टर लागला की ग्लोव्ह बॉक्स लगेच बसवू नये. पंखा दोनवर ठेवून थोडा वेळ चालू द्यावा, मग बंद करून कपलरला बोट लावून बघावं. कोमट लागला तर स्क्रू पिळायचे. चटका बसला तर मोटरही बदलायची, पार्ट कितीही नवा असो.